पट्ट्याच्या फायलीपासून विधानसभेपर्यंत: इंदूरच्या लहान संस्थेने घरहक्काची जनवकिली कशी उभी करावी

इंदूरमध्ये घराच्या प्रश्नावर काम करणाऱ्या बहुतेक लहान संस्था एकेका कुटुंबासाठी धावत असतात. कुणाचा पट्ट्याचा (राहत्या सरकारी जागेवरच्या हक्काच्या कागदाचा) अर्ज तहसीलमध्ये अडलेला असतो, कुणाला नगर निगमची नोटीस आलेली असते, कुणाचं नाव प्रधानमंत्री आवासच्या यादीतून गळलेलं असतं. हे काम सोडता येत नाही आणि सोडूही नये. पण वर्षानुवर्षं ते करूनही त्याच कारणाने नवे अर्ज अडत राहतात, कारण अडवणारा नियम होता तिथेच असतो. तो नियम बदलून घेण्याचं काम म्हणजे जनवकिली. त्यासाठी काय करावं लागतं, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या दारातून, ते इथे लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ‘प्रत्येकाला घर मिळालंच पाहिजे’ ही मागणी शंभर टक्के खरी आहे, पण तिच्यावर कुठलाच अधिकारी फाईल उघडू शकत नाही. अमुक कायद्याचं अमुक कलम, त्यातले अमुक शब्द, त्यांच्या जागी हे शब्द, इतकं सांगता आलं की बोलणं सुरू होतं. आणि ते कलम कोणतं, हे पुस्तकांपेक्षा नाकारल्या गेलेल्या अर्जांमध्ये लवकर सापडतं.

जमीन कोणाची आहे?

वस्तीत पहिली बैठक घेण्याआधी खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर, काढा. राज्याच्या भू-अभिलेख पोर्टलवर खसरा आणि नकाशा पाहता येतो, नजूल, म्हणजे शहरातल्या सरकारी, जमिनीची नोंद कलेक्टर कार्यालयात मिळते. एकाच वस्तीत दोन-तीन मालक निघणं इंदूरमध्ये अगदी नेहमीचं आहे. अर्धी जागा नजूलची, थोडी विकास प्राधिकरणाची, कडेची रांग नाल्याच्या पात्रात. रेल्वेची जागा असेल तर ती केंद्राची, तिच्यावर राज्याचा पट्टा कायदा चालत नाही. खासगी शेतजमिनीवर प्लॉट पाडून विकलेली कॉलनी असेल तर तिथे पट्ट्याचा प्रश्नच नाही, तो अनधिकृत कॉलनी नियमित करण्याचा विषय आहे आणि त्याची तरतूद नगर निगम कायद्यात शोधायची.

मराठी मंडळींना इथे एक सूचना करावीशी वाटते. मुंबई-पुण्यातले नातेवाईक झोपडपट्टी पुनर्वसनाच्या गोष्टी सांगतात, आणि आपल्या बैठकांमध्ये ‘तिकडे तर कायदाच आहे’ असं हमखास कोणीतरी म्हणतं. महाराष्ट्राचा १९७१ चा झोपडपट्टी कायदा इथे लागू नाही. इथे १९७६ चा गंदी बस्ती क्षेत्र सुधार व निर्मूलन अधिनियम आहे, आणि त्याहून रोजच्या कामाचा १९८४ चा नगरीय क्षेत्रातील भूमिहीन व्यक्तींना पट्टाधृती अधिकार देणारा अधिनियम, ज्याला सगळे नुसतं पट्टा कायदा म्हणतात. मूळ कायद्यात १० एप्रिल १९८४ या तारखेला जागेवर राहत असलेल्या भूमिहीनाला हक्क दिला होता. ती तारीख नंतरच्या दुरुस्त्यांनी पुढे सरकत गेली. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: या राज्यात विधानसभेने घरहक्काची मर्यादा पुन्हा पुन्हा वाढवलेली आहे. आपण मागतो ते नवखं नाही. जुन्या छापील प्रतीवर विसंबू नका, ताज्या दुरुस्तीसह प्रत मिळवा.

नाकारलेल्या अर्जांचा ढीग लावा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. वस्तीत घरोघरी जाऊन ज्यांचे अर्ज फेटाळले गेले, परत आले किंवा घेतलेच गेले नाहीत त्यांच्या कागदांच्या झेरॉक्स जमवा. प्रत्येक कुटुंबाचं एक पान करा: कधीपासून राहतात, पुरावा कोणता, अर्ज कधी दिला, नकाराचं कारण कोणत्या शब्दांत सांगितलं. लेखी नकार नसेल तर ‘तोंडी’ असं लिहा, तारीख आणि कार्यालय लिहा. मग ही पानं कारणांनुसार वेगळी करा.

तीन-चार मोठे ढीग तयार होतील. तारखेच्या आधीपासून राहतात पण पुरावा नाही, हा बहुधा सर्वांत उंच. आपल्याकडे कचरागाडी रोज दारात येते. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत राहिलं ते या दारोदारच्या गाडीच्या जोरावर, आणि तिच्या शुल्काच्या पावत्या वस्तीतल्या घरांकडेही असतात. नळाचं बिल, विजेचं बिल, मुलांच्या शाळेचा दाखला, जुन्या मतदार यादीतलं नाव, समग्र आयडीचं (राज्याच्या कुटुंब-ओळख क्रमांकाचं) पत्रक, लसीकरणाचं कार्ड. निगमची पावती मालकी सिद्ध करत नाही, हे खरंच आहे. पण माणूस त्या दिवशी त्या घरात होता, हे ती सिद्ध करते, आणि पट्टा कायद्याला ताबाच दाखवायचा असतो. निगम ज्या घराकडून पैसे घेतं तेच घर अस्तित्वात नव्हतं असं दुसऱ्या टेबलावर म्हटलं जातं, हा विरोधाभास कागदावर मांडला की त्याला उत्तर नसतं.

दुसरा ढीग नावांचा. मालवा मिल, परदेशीपुरा भागात खानदेश-विदर्भातून आलेली कुटुंबं आहेत, तिथे हा त्रास फार दिसतो. माहेरचं नाव एका दाखल्यावर, सासरचं दुसऱ्यावर. महाराष्ट्रातल्या कागदावर मधलं नाव आणि आडनाव, इथल्या कागदावर ‘सुनीता बाई पति रमेश’. माणूस एकच, कागदांवर तीन. अशा कुटुंबांची यादी वेगळी ठेवा, कारण यावर उपाय कायद्यात बदल करून होत नाही. शपथपत्र आणि वस्तीतल्या दोन शेजाऱ्यांचा जबाब मान्य करा, एवढं परिपत्रक निघालं तरी पुरतं. महाराष्ट्रातलं जातप्रमाणपत्र इथल्या आरक्षणाला किंवा जातीवर आधारलेल्या सवलतीला चालत नाही, तीही अडचण याच कुटुंबांची. पण ती पट्ट्याच्या फायलीत मिसळू नका.

तिसरा ढीग नाल्याकाठचा. कान्ह आणि सरस्वतीच्या काठावरच्या घरांना ‘जागा पट्टायोग्य नाही’ असं उत्तर मिळतं. इथे मागणी वेगळी होते: पर्यायी जागा किती अंतरावर, हटवण्याआधी की नंतर, कामाच्या ठिकाणापासून किती लांब. घरकाम करणाऱ्या बाईला शहराच्या टोकावरच्या इमारतीत फ्लॅट दिला आणि सकाळी सातची पहिली धुणीभांडी सुटली, तर तिच्या हातात घर आलं आणि पगार गेला. हा मुद्दा आकड्यांत मांडायचा: किती बायकांची कामं सुटली, महिन्याला किती उत्पन्न कमी झालं, बसभाड्यात किती गेलं.

अधिनियम, नियम की परिपत्रक?

प्रत्येक ढिगासमोर हा प्रश्न लिहा. माझ्या मते संपूर्ण कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि त्याला फारच थोड्या संस्था वेळ देतात.

पात्रतेची तारीख अधिनियमात असते. ती बदलायला संशोधन विधेयक लागतं, म्हणजे मंत्रिमंडळ, विधानसभा, राज्यपालांची सही आणि राजपत्र. पुरावे कोणते घ्यायचे, अर्ज कोणत्या नमुन्यात, सर्वेक्षण कसं, हे नियमांत किंवा विभागाच्या आदेशांत असतं, आणि ते बदलायला विधानसभेत मतदान लागत नाही. तहसीलदार अर्जच घेत नाही, ही तर फक्त अंमलबजावणीची तक्रार. दर मंगळवारच्या जनसुनावणीत आणि मुख्यमंत्र्यांच्या १८१ हेल्पलाईनवर ती नेता येते. जे काम परिपत्रकाने होईल त्यासाठी विधेयक मागत बसलात तर वस्तीची माणसं थकतात. उलट, जिथे कलमच आड येतं तिथे कलेक्टरला कितीही ज्ञापनं दिली तरी त्यांच्या हातात काही नसतं.

दिल्लीचं काय, असं नेहमी विचारलं जातं. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत जमीन हा राज्य सूचीतला १८ वा विषय आहे आणि स्थानिक स्वराज्य संस्था ५ वा. दिल्ली पैसे देते: प्रधानमंत्री आवास योजना शहरी २०१५ मध्ये आली, दुसरा टप्पा २०२४ मध्ये, एक कोटी कुटुंबांचं लक्ष्य ठेवून. पण त्यात स्वतः घर बांधण्यासाठी अनुदान हवं तर पायाखालच्या जागेचा कागद लागतो, आणि तो कागद भोपाळच्या कायद्याने मिळतो. त्यामुळे पट्ट्याच्या एका दुरुस्तीने केंद्राच्या अनुदानाचं दारही उघडतं. विधायकांना (आमदारांना) हे नक्की सांगा, त्यांना पटतं.

मागणी कोणी ठरवायची

वस्तीने. संस्थेच्या कार्यकारिणीत राजेंद्र नगर, सुदामा नगरातले निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, एखादे वकील असतात. त्यांचा वेळ आणि अक्षर सोन्यासारखं आहे. पण संयुक्त नावाने पट्टा हवा की फक्त बाईच्या नावाने, जागेवरच घर हवं की चांगल्या ठिकाणी फ्लॅट चालेल, हे ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांनीच ठरवायचं. बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवा, बायकांची वेगळी घ्या, मराठी-माळवी-हिंदी जी भाषा येईल ती चालू द्या. कारणांचे ढीग वाचून दाखवा आणि एकच मागणी पुढे न्यायची असेल तर कोणती, हे विचारा. उत्तर तुमच्या अंदाजापेक्षा वेगळं आलं तर तेच घेऊन चला. ठराव लिहा, सह्या-अंगठे घ्या, आणि वस्तीतून निदान दोन बायका आणि एक तरुण भोपाळला येतील असे निवडा.

त्यानंतर हिंदीत एक पान लिहायचं. वर विषय, मग सध्याची तरतूद शब्दशः, मग प्रस्तावित शब्द, मग किती कुटुंबांना फरक पडेल, आणि शेवटी सरकारवर खर्चाचा भार किती. शेवटचा मुद्दा गाळू नका, वित्त विभाग तोच विचारतो. बाकी सगळं परिशिष्टात.

दुसऱ्या राज्याचं उदाहरण एखादंच द्या, पण नेमकं. ओडिशाने २०१७ मध्ये झोपडपट्टीवासीयांना जमिनीचा हक्क देणारा कायदा केला आणि वस्त्यांचं ड्रोनने मोजमाप करून तो राबवला. त्याहून जवळचं उदाहरण इंदूरचंच आहे. नव्वदच्या दशकात ब्रिटिश मदतीने इथल्या वस्त्यांना न हटवता रस्ते, गटारं आणि नळ शहराच्या जाळ्याशी जोडण्याचा प्रकल्प झाला, त्याला १९९८ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. त्याही आधी, १९१८ मध्ये, पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला दिलेल्या अहवालात सरसकट पाडापाडीऐवजी जुने मोहल्ले जपून सुधारण्याचा आग्रह धरला होता. अधिकारी बाहेरचा असला की त्याला हे ठाऊक नसतं. तो ऐकतो.

संस्थेचे स्वतःचे कागद

मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदणी असेल तर नियमावलीच्या उद्देशांत निवारा, कायदेविषयक जागृती आणि शासनापुढे निवेदन करणं हे शब्द आहेत का, पाहा. नसतील तर आमसभेत दुरुस्ती करून घ्या. कायद्यात बदल सुचवणं हे राजकारण नाही; उमेदवाराचा प्रचार करणं, पक्षाला पैसा देणं हे राजकारण आहे, आणि त्याने आयकराची सवलतही धोक्यात येते. परदेशी देणगी घेत असाल तर जास्त जपा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेने आपल्या हक्कांसाठी सनदशीर आंदोलन केलं म्हणून ती राजकीय संस्था ठरत नाही. तरी माझा सल्ला असा की जनवकिलीचा खर्च इथल्याच वर्गणीतून करावा. भोपाळचं भाडं, झेरॉक्स, एखाद्या वकिलाची फी, एवढाच तो असतो, आणि हिशेब वस्तीत वाचून दाखवता येतो.

जो कार्यकर्ता एखाद्या पक्षाचा पदाधिकारी आहे त्याने संस्थेच्या वतीने बोलू नये. नगर निगमची पुढची निवडणूक २०२७ मध्ये येते, विधानसभेची २०२८ मध्ये. आचारसंहिता लागली की निर्णय थांबतात. म्हणून तुमची मागणी निवडणुकीच्या बरीच आधी मंत्रालयात पोहोचलेली असली पाहिजे.

माहितीचा अर्ज

वस्तीचे ढीग तुमची बाजू सांगतात, सरकारचा आकडा सरकारकडूनच घ्यावा. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, उत्तराला ३० दिवस. उत्तर आलं नाही की पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. प्रश्न आकड्यांचे ठेवा: अमुक वॉर्डात किती पट्टा-अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, नामंजुरीची कारणं कोणती. लोकांची नावं मागू नका, त्यावरून अर्ज फेटाळला जातो.

आश्रय शुल्काबद्दलही विचारा. या विषयाकडे इंदूरच्या संस्थांचं लक्ष फारसं नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. नवी कॉलनी कापणाऱ्याने दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी प्लॉट राखायचे, किंवा त्याऐवजी आश्रय शुल्क भरायचं, अशी तरतूद कॉलनी नियमांत आहे. शहर बायपासच्या पलीकडे पसरलं, त्या प्रत्येक कॉलनीमागे हा पैसा किंवा हे प्लॉट कुठेतरी असायला हवेत. गेल्या पाच वर्षांत वर्षनिहाय किती जमा झालं, कशावर खर्च झालं, किती शिल्लक आहे, हे विचारा. मग विधायकांकडे जाताना तुमच्या हातात मागणीबरोबर पैशाचा मार्गही असेल.

भोपाळचं दार

इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या नऊ जागा आहेत आणि २०२३ मध्ये त्या सगळ्या एकाच पक्षाने जिंकल्या. मग विरोधी पक्षाचा विधायक शेजारच्या जिल्ह्यातून शोधावा लागतो. शोधाच. विषय एका पक्षाचा झाला की दुसरा त्याला हात लावत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचा एकेक माणूस पहिल्यापासून सोबत हवा. नगरीय विकास एवं आवास विभाग डिसेंबर २०२३ मध्ये इंदूर-१ चे विधायक कैलाश विजयवर्गीय यांच्याकडे आला. म्हणजे मंत्र्यांची भेट आपल्या शहरातही होऊ शकते, आणि तिथे वस्तीची बाई स्वतः बोलू शकते.

विधानसभेची वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात: अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी. अधिसूचना निघाली की प्रश्न देण्याच्या शेवटच्या तारखा ठरतात, आणि अधिवेशन सुरू झाल्यावर प्रश्न नेऊन उपयोग नसतो. विधायकाच्या सहायकाकडे प्रश्न तयार करूनच न्या, ‘क्या नगरीय विकास एवं आवास मंत्री महोदय यह बताने की कृपा करेंगे कि’ इथपासून, (क), (ख), (ग) पाडून. तारांकित प्रश्नावर सभागृहात पूरक प्रश्न विचारता येतो, अतारांकितचं लेखी उत्तर मिळतं. आकडे हवे असतील तर अतारांकित चांगला, मंत्र्याकडून शब्द हवा असेल तर तारांकित किंवा ध्यानाकर्षण (लक्षवेधी). ‘जानकारी एकत्रित की जा रही है’ असं उत्तर आलं तर सोडू नका, पूर्ण उत्तर नंतर येतं, ते मागत राहा. मंत्र्यांनी ‘कार्यवाही करेंगे’ म्हटलं की ते आश्वासन झालं, आणि त्याचा पाठपुरावा करायला विधानसभेची आश्वासन समिती आहे. कार्यवाहीची छापील प्रत काढून ती ओळ पुढच्या प्रत्येक निवेदनाला जोडा.

याचिकेचा मार्गही आहे. विधायक ती सभागृहात सादर करतात आणि ती याचिका समितीकडे जाते. वस्तीच्या सह्यांचा तिथे खरा उपयोग होतो.

मंत्रालयात, म्हणजे वल्लभ भवनात, प्रमुख सचिवांपेक्षा फाईल लिहिणाऱ्या अवर सचिवाला आणि अनुभाग अधिकाऱ्याला आधी भेटा. तुमचं एक पान तिथेच टिपणीत रूपांतरित होतं. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खाली उतरू नका.

इंदूरमध्येही काम आहे. ८५ वॉर्डांपैकी तुमच्या आणि शेजारच्या पार्षदांना (नगरसेवकांना) सोबत घेऊन निगम परिषदेत राज्य शासनाकडे शिफारस करणारा ठराव मांडून घ्या. तो शासनावर बंधनकारक नाही, पण फाईलला वजन येतं. विकास योजनेचा नवा मसुदा नगर व ग्राम निवेश अधिनियम, १९७३ खाली प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ३० दिवसांची मुदत असते. वस्तीचा खसरा नंबर टाकून, प्रत्येक वस्तीची वेगळी हरकत द्या आणि सुनावणीला माणसं न्या. त्या नकाशात वस्तीच्या जागेवर हिरवा रंग, म्हणजे बाग किंवा मोकळ्या जागेचं आरक्षण, भरला गेला तर पुढे पट्टा मागणं कितीतरी अवघड होतं.

मध्येच पाडापाडी आली तर

जनवकिली चालू असताना नोटीस येणारच. त्यासाठी वेगळी माणसं ठेवा, नाहीतर दोन्ही कामं बुडतात. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडण्याआधी किमान १५ दिवसांची कारणांसह नोटीस, व्यक्तिगत सुनावणी आणि लेखी आदेश सक्तीचे केले. रस्ता, पदपथ, रेल्वे रुळालगत किंवा नदी-जलाशयावरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही, म्हणून नाल्याकाठच्या लोकांना खोटा धीर देऊ नका. नोटीस कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहा: भू-राजस्व संहितेचं कलम २४८, लोक परिसर बेदखली अधिनियम की नगर निगम अधिनियम, त्यावरून अपील कुठे करायचं ते ठरतं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इंदूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ असल्याने स्थगितीसाठी जबलपूर गाठावं लागत नाही. नोटिशीची तारीख, भिंतीवर चिकटवल्याचा फोटो आणि आलेल्या अधिकाऱ्याचं पद, हे त्याच संध्याकाळी लिहून ठेवा.

बदल झाल्यावर

राजपत्राची प्रत काढा आणि एकेक शब्द तुमच्या मसुद्याशी ताडून पाहा. ‘देईल’च्या जागी ‘देऊ शकेल’ आलं असेल तर लगेच नियमांकडे वळा, कारण नियम अजून लिहिले जात असतात आणि तिथे मुदत घालून घेता येते: अर्जावर इतक्या दिवसांत निर्णय, नकार लेखी, अपील अमुक अधिकाऱ्याकडे. जुन्या ढिगांतली, सगळ्यात भक्कम पुराव्याची कुटुंबं निवडून पहिले अर्ज त्यांचे लावा, पोच घ्या. पहिल्या तीन महिन्यांत वॉर्डनिहाय आलेले, मंजूर झालेले आणि नामंजूर झालेले अर्ज किती, याचा माहिती अर्ज आधीच तयार ठेवा, आणि उत्तर आलं की त्याची प्रत ज्या विधायकांनी प्रश्न विचारला होता त्यांच्या टेबलावर पुढच्या अधिवेशनाच्या तारखा जाहीर व्हायच्या आत पोहोचवा.